आजचा वार अकरा

१

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास तात्यांच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ खाली पडून फुटलं. खोलीत तात्यांशिवाय कोणी नव्हतं. आणि तात्यांच्या हातात हातोडी होती.

हे पाहिलं शेजारच्या केकवालीने. ती तिच्या घरातच केक करून विकायची, दिवसभर घरी असायची आणि आवाजाला धावून जायची. तिने लगेच सूनबाईला छापखान्यात फोन केला. सूनबाई तिथे मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांनी लिहिलेल्या शब्दांच्या चुका काढायच्या, हेच तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. हातातला भूगोलाचा धडा अर्ध्यावर टाकून ती घरी आली.

तात्या पलंगाच्या कडेवर बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आणि आता स्वतःचं घड्याळ पायाशी काचांच्या ढिगात पडलं होतं. हे घड्याळ सासूबाईंच्या आवडीचं. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या, तेव्हापासून तात्या रोज सकाळी त्याला चावी द्यायचे आणि एवढ्या एका कामात कोणाची मदत घ्यायचे नाहीत.

"मी नाही पाडलं," तात्या म्हणाले. "भिंतीने पाडलं."

सूनबाईने चष्मा काढला, टेबलावरच्या पिवळ्या फडक्याने पुसला आणि पुन्हा लावला. काय बोलावं ते सुचलं नाही, की ती चष्मा पुसायची. गेल्या दीड महिन्यात तिचा चष्मा फार स्वच्छ झाला होता.

आधी भिंत बोलते म्हणून तक्रार झाली. मग दाढीचा आरसा पडला, मग कपबशी. प्रत्येक वेळी घरात तात्या एकटे, आणि प्रत्येक वेळी दोष भिंतीचा. तिने विचारलं, हातोडी कशाला घेतली होती? तात्या म्हणाले की भिंतीवर ठोकून बघत होतो, आवाज कुठून येतो ते कळावं म्हणून. म्हणजे भिंत ठोकते म्हणून तात्याही ठोकत होते. हे नवऱ्याला कसं सांगायचं, याचा विचार करत तिने काचा गोळा केल्या.

नवऱ्याने नदीपलीकडच्या एका वृद्धनिवासात खोली बघून ठेवली होती. शुक्रवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. नवरा काही दुष्ट नव्हता. बाप एकटा असताना एखाद्या दिवशी डोक्यातच काही पडलं तर, या धास्तीने त्याची झोप उडाली होती. सूनबाई आजवर तात्यांच्या बाजूने भांडत आली होती. मंगळवारी संध्याकाळी तिचाही विश्वास डळमळला.

झालं असं, की डॉक्टरांनी नवऱ्याला फोनवर सांगितलं होतं, अधूनमधून सहज म्हणून त्यांना तारीख, वार विचारत जा. नवऱ्याने स्वयंपाकघरातूनच हाक मारून विचारलं, "तात्या, आजचा वार?"

खोलीतून तात्यांचा आवाज आला, अगदी ठाम.

"अकरा. कालच्यापेक्षा चार जास्त."

२

बुधवारी सूनबाईने रजा टाकली. भिंत खरंच ठोकते का, ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं असं तिने ठरवलं.

तशी चौकशी तिने आधीही केली होती. वरच्या मजल्यावर एक धिप्पाड गृहस्थ राहायचे, त्यांना सगळे पैलवान म्हणत. त्यांची वजनं जमिनीवर आपटत असतील, असा तिचा कयास होता. पैलवानांनी सांगितलं की ते सकाळी नऊ ते एक व्यायामशाळेत असतात, घरी वजन म्हणून फक्त बायकोचं लोखंडी कपाट आहे. वर त्यांनी हळूच विचारलं, की तात्यांना हल्ली हातोडीचा नाद लागलाय का. म्हणजे पैलवानांच्या घरीही कधीतरी आवाज गेला होता. पण तो हातोडीचा होता, की भिंतीचा? ते काही पैलवानांना सांगता येईना.

शनिवारी एक प्लंबरही येऊन गेला होता. त्याने आल्या आल्या मुख्य कॉक बंद केला, सगळे नळ उघडून बघितले, पाइपला कान लावला आणि सांगितलं की पाइप ठणठणीत आहेत. आवाजाचं नाव नाही. तात्या मागे उभे राहून सगळं बघत होते, आणि तो गेल्यावर एवढंच म्हणाले, की घड्याळाचा लंबक धरून ठेवल्यावर ते टिकटिकत नाही यात नवल काय. नवऱ्याला हेही बरळणंच वाटलं.

तर बुधवारी सूनबाई घरी थांबली. घरी थांबलीच आहे तर म्हणून साचलेले कपडे धुवायला काढले, डबे घासायला काढले, बाथरूमच्या फरशीला हात घातला. नळ दुपारपर्यंत चालूच होता. मधून मधून ती तात्यांच्या दारात येऊन कान देऊन उभी राहायची. तात्या खुर्चीत बसलेले, मांडीवर वही, मनगटावरच्या घड्याळाकडे नजर. दहा वाजले, अकरा वाजले, साडेबारा झाले. भिंत मुकी. शेवटी तात्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाले की तू घरी असलीस की ती गप्प बसते.

तिला रडू आलं. ते तात्यांना दिसू नये म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली.

दुपारी तात्यांचा डोळा लागला, तेव्हा तिने ती वही उघडली. दुसऱ्याची वही वाचणं तिला पटत नव्हतं, पण शुक्रवार दोन दिवसांवर होता. तात्यांनी पट्टीने रेघा मारून तीन रकाने आखले होते. तारीख, वेळ आणि वार. तारखा बरोबर होत्या. वेळ मिनिटांपर्यंत लिहिलेली. आणि तिसऱ्या रकान्यात, त्या मोत्यासारख्या अक्षरात, वार सहा, वार नऊ, वार सात. कालच्या तारखेपुढे वार अकरा.

आणि आजच्या तारखेपुढे लिहिलं होतं, वार शून्य.

ज्या माणसाने जन्मभर लोकांना वेळ लावून दिली, त्याला आज बुधवार आहे हे आठवत नाही, असं तिच्या मनाने घेतलं. तिने वही होती तशी ठेवली. नवऱ्याला हो म्हणून सांगायचं तिने जवळजवळ ठरवलंच. पण छापखान्यातली मोरी गेल्या वर्षी जिने दुरुस्त केली होती तिचा नंबर फोनमध्ये होता, आणि बुडणाऱ्याने हात मारावा तसा तिने तो लावला.

३

तिला सगळे पाना मावशी म्हणायचे, कारण तिच्या खांद्यावरच्या पिशवीतून हातभर लांब पाना कायम बाहेर डोकवायचा. साठीची बाई, आवाज खर्जातला, हालचाल संथ. पाइपाचं काम ती आपल्या नवऱ्याकडून शिकली आणि मग नवऱ्याच्या चुका काढत काढत त्याच्या पुढे गेली, असं ती स्वतःच सांगायची.

गुरुवारी सकाळी साडेनऊला ती आली, तेव्हा नवरा कामाला निघून गेला होता. तिने पिशवी उघडलीच नाही. खुर्ची ओढून तात्यांच्या समोर बसली. सूनबाई सांगू लागली की आवाज साधारण अकराच्या सुमारास येतो, तर मावशीने हात वर केला.

"कधी येतो ते राहू दे. कधी येत नाही ते सांग."

असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सूनबाईने आठवून सांगितलं. रविवारी येत नाही. शनिवारी प्लंबर आला तेव्हा आला नाही. काल ती घरी होती तेव्हाही नाही.

"म्हणजे माणसं बघून गप्प बसतो," मावशी म्हणाली. "शहाणा आहे. माझा जावई असाच आहे." आणि तिने तात्यांकडे हात पुढे केला. वहीचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. पण तात्यांच्या खिशातून बाहेर आलेली पेन्सिल आणि मांडीवरची वही तिने आल्या आल्या पाहिली होती.

मावशी सावकाश पानं उलटत गेली. सूनबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या बाईसमोर तात्यांची अशी शोभा व्हायला नको होती. काहीतरी बोलून वही काढून घ्यावी, म्हणून ती पुढे झाली, तेवढ्यात मावशी म्हणाली, "हे मोजले कोणी? तुम्ही?"

"मग काय भिंतीने?" तात्या म्हणाले.

"काय मोजले?" सूनबाईने विचारलं.

तात्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाईकाने सेलवर चालणाऱ्या घड्याळाला चावी द्या म्हटल्यावर ते पाहत असतील. "वार. भिंतीने केलेले वार. परवा अकरा केले. काल तू घरात होतीस म्हणून शून्य. वर लिहिलंय की, सूनबाई, ठळक लिहिलंय."

"मला वाटलं वार म्हणजे... सोमवार, मंगळवार."

"तो कशाला लिहायचा? तारखेवरून कळतोच की. आज गुरुवार. तुझी छापखान्यात पानं द्यायची तारीख, आणि तू इथे बसलीस."

खरोखरच त्या दिवशी पानं द्यायची होती. सूनबाई मटकन पलंगावर बसली. दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि मात्रा धरणारी ती, तिला एका साध्या दोन अक्षरी शब्दाचा दुसरा अर्थ सुचला नव्हता. भीतीने वाचलं की असंच वाचलं जातं. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, आणि दोन्ही एकदम झाल्यामुळे तिला ठसका लागला.

तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावून सांगितलं. तो म्हणाला की शब्दाचं ठीक आहे, त्याला बरंच वाटलं, पण शब्दाने घड्याळ पडत नाही. घड्याळ पाडलं कोणी?

फोनमधला आवाज मावशीला ऐकू गेला असावा.

"अकरापर्यंत थांब म्हणावं," ती म्हणाली. "आणि आता घरातल्या एकाही नळाला हात लावायचा नाही. चहासुद्धा नाही. आपण तिघंही घरात नाही, असं समजायचं."

४

ते तिघं घरात नसल्यासारखे बसून राहिले. बाहेर जिन्यावरून शेवटची पावलं उतरून गेली, दरवाजे लागले, इमारत रिकामी झाली. तात्यांच्या खोलीत, कोपऱ्यातला पाइप झाकणाऱ्या उभ्या फळीवर, फुटलेल्या घड्याळाचा खिळा अजून दिसत होता. मावशीने भिंतीकडे तोंड करून खुर्ची ठेवली होती.

दहा वाजून बावन्न मिनिटांनी भिंतीने वार केला.

तो आवाज सूनबाई कधी विसरली नाही. आतून कोणी गुद्दा मारावा तसा आवाज, मग लागोपाठ दोन, आणि कोपऱ्यातल्या उभ्या फळीवरचा रंग थरथरला. ती किंचाळणार होती, पण तात्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिचं तोंड मिटलं. दीड महिन्यानंतर तात्यांच्या शेजारी बसून दुसऱ्या कोणीतरी तो आवाज ऐकला होता. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. त्यांनी वहीत लिहिलं, तीन.

मावशी उठली, फळीवर तळहात ठेवला आणि वही मागितली. पहिले वार, मग एकोणीस मिनिटांनी पुन्हा, मग सात मिनिटांनी, मग आणखी सात. रोज तेच अंतर. भूत असतं तर एवढं वेळेचं पक्कं नसतं, असं म्हणून ती थेट शेजारी केकवालीच्या दारात गेली. सूनबाई मागोमाग.

केकवालीला वाटलं आपल्यावर आळ येतोय. तिने हातोडीचं पुन्हा सांगितलं, पैलवानांचं सांगितलं, आणि मग मावशीने विचारलं की बाई, तुमच्याकडे आत्ता, या मिनिटाला, काय चालू आहे? चालू होतं भांडी धुण्याचं यंत्र. सोमवार ते शनिवार, केक भट्टीत गेले की साडेदहा-पावणेअकराला ती साचे आणि भांडी त्यात लावायची. यंत्र मध्ये मध्ये पाणी घ्यायचं आणि झटकन तोंड मिटायचं.

मावशीने जिन्यातच समजावून सांगितलं. धावत आलेलं पाणी एकदम अडवलं की ते डोकं आपटतं, आणि ते आपटणं पाइपभर पसरतं. सकाळी आणि रविवारी सगळे लोक पाणी वापरत असतात, तेव्हा दाब कमी असतो, आपटण्यात जोर नसतो. सगळे कामाला गेले की दाब चढतो. काल सूनबाई घरी होती, पण तिचा नळ सुरू होता, म्हणून धक्का तिकडून निघून गेला. शनिवारच्या प्लंबरने तर पाणीच बंद करून पाण्याचा आवाज शोधला.

"म्हणजे तात्या एकटे असतात म्हणून आवाज येतो, असं नाही," सूनबाई सावकाश म्हणाली. "आवाज येण्यासारखं असतं तेव्हाच तात्या एकटे असतात."

मावशीने मान डोलावली. पण तिचा चेहरा अजून मोकळा झाला नव्हता. तिने केकवालीला विचारलं की यंत्र आणून किती दिवस झाले.

दोन महिने.

मावशीने वहीचं पहिलं पान उघडलं. पहिला वार दीड महिन्यापूर्वीचा होता.

"पंधरा दिवस यंत्र चालू होतं आणि भिंत गप्प होती," ती म्हणाली. "यंत्राने धक्का दिला, पण झेलणारं कोणीतरी होतं. ते कोणी काढलं?"

५

खोलीत परत आल्यावर मावशीने विचारलं, दीड महिन्यापूर्वी या खोलीत काय झालं.

रंग दिला होता. तोही सूनबाईच्या हट्टाने, तात्यांना जरा प्रसन्न वाटावं म्हणून. सासूबाईंचं जुनं अवजड कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला नेलं, आणि त्यामागे लपलेली कोपऱ्यातली फळी मोकळी झाली. भिंतीत खिळा शिरेना, म्हणून रंगाऱ्याने घड्याळाचा आणि आरशाचा खिळा त्या फळीतच ठोकला, आणि टेबलही तिलाच टेकवलं. मावशीने तात्यांच्या स्क्रूड्रायव्हरने फळीचे स्क्रू सैल केले. आत पाइप नुसता उभा होता. त्याला भिंतीशी धरून ठेवणारी पट्टी गंजून कधीच पडली होती. जागेवर फक्त दोन भोकं उरली होती, आणि पाइप हलून हलून फळीच्या आतल्या बाजूला खळगा पडला होता. घड्याळ पाडलं ते या धक्क्यांनी.

"पट्टी जाऊन वीसेक वर्षं झाली असतील," मावशी म्हणाली. "मग इतकी वर्षं याला धरलं कोणी?"

सूनबाईचा हात सवयीने चष्म्याकडे गेला. तिने टेबलावरचं पिवळं फडकं उचललं, आणि मावशीची नजर त्या फडक्यावर खिळली.

"हे कुठलं?"

"हे होय? रंगाच्या आधी मी फळी काढून आत झाडलं होतं. पाइपाभोवती जुन्या चिंध्या कोंबलेल्या होत्या. बाकीच्या टाकून दिल्या, हे एवढं चांगलं होतं म्हणून धुऊन..."

दीड महिना ज्या गुन्हेगाराला ती शोधत होती, त्याच्या नाकावर चष्मा होता.

तिला वाटलं तात्या रागावतील. रागावले असते तर तिला बरंच वाटलं असतं. पण तात्यांनी ते फडकं तिच्या हातातून घेतलं, दोन बोटांत धरून उजेडाकडे नेलं, आणि त्याच्या कडेवरचे तेलाचे बारीक, न निघालेले डाग न्याहाळले.

"हे माझ्या दुकानातलं फ्लॅनेल आहे," ते म्हणाले. "घड्याळं पुसायचं. वीस-बावीस वर्षांपूर्वी अख्खा तागा नाहीसा झाला होता. दुकान पालथं घातलं मी. घरी येऊन हिला विचारलं, तर म्हणाली, कामाला लागलं." ते थोडं थांबले. "तेव्हा मी रात्री घरी बसून घड्याळं ऐकायचो. बारीक आवाज असतो, एवढासा. सगळ्यांना सांगायचो, माझं घर किती शांत आहे."

सासूबाईंनी तात्यांना घड्याळं ऐकू यावीत म्हणून ते फ्लॅनेल पाइपाला गुंडाळून ठेवलं होतं, वर कपाट लावून टाकलं होतं, आणि त्याचा उच्चारही कधी केला नव्हता. सूनबाईने तात्यांचा हात धरला आणि चुकलं म्हणाली. तात्या म्हणाले की तू रंग दिलास तो छान आहे, फक्त पुढच्या वेळी चिंध्या विचारून टाक.

मावशीने नाक ओढलं आणि पिशवी उघडली.

काम तासाभराचं होतं. पाइपाला आतून रबर असलेल्या दोन नव्या पट्ट्या बसल्या. केकवालीच्या यंत्राच्या नळापाशी मावशीने एक छोटी कुपी जोडली, तिच्यात हवा कोंडलेली असते आणि पाण्याचा धक्का ती गिळते. यंत्राकडे जाणारा कॉकही अर्धा फेरा मिटवला. केकवालीला एवढं अपराधी वाटत होतं की तिने सगळ्यांना केक वाढला, तात्यांना दोनदा. मग यंत्र मुद्दाम पुन्हा चालू केलं आणि सगळे भिंतीसमोर उभे राहिले. यंत्राने पाणी घेतलं, तोंड मिटलं, आणि भिंत गप्प राहिली. एवढ्या गर्दीने शांतता ऐकायला उभं राहिलेलं सूनबाईने पहिल्यांदाच पाहिलं.

फळी लावण्याआधी तात्यांनी ते पिवळं फडकं पाइप आणि भिंत यांच्यामध्ये नीट घडी करून सरकवलं. त्याची आता गरज नव्हती. मावशीने ते पाहिलं आणि फळीचे स्क्रू आवळले.

शुक्रवारी नवऱ्याने दुपारपर्यंत रजा घेतली, पण घरात बसला नाही. नळ नको, पाऊल नको, म्हणून सूनबाई आणि तो बाहेर जिन्यातच पायरीवर बसून राहिले, आतमध्ये तात्या एकटे. अकरा वाजले, साडेअकरा झाले. शेजारच्या यंत्राचं काम संपलं. नवऱ्याने फोन काढला आणि वृद्धनिवासाला कळवलं की खोली नको, दुसऱ्या कोणाला द्या. मग त्याने डोळे पुसले, दार उघडलं, आणि जोड्यांपाशीच उभं राहून विचारलं, "तात्या, आजचा वार?"

आतून वही मिटल्याचा आवाज आला.

"शुक्रवार," तात्या म्हणाले. "आणि शून्य."